सात नंबरची काठी आणि चौथा वाफा

आमची पिंकी दीड वर्षांची आहे आणि स्वतःच्या बापाला काका म्हणते.

यात तिचा दोष नाही. परेश सकाळी सहाला गिरीजहून मुंबईच्या ऑफिसला निघतो तेव्हा ती झोपलेली असते, आणि रात्री पावणेदहाला परततो तेव्हाही झोपलेलीच. रविवारी मात्र एक उंच माणूस घरभर वावरतो, पोहे खातो, तिचे गाल ओढतो. अशा माणसाला काका नाही म्हणायचं तर काय?

परेश हसण्यावारी नेतो. पण एकदा मी त्याला झोपलेल्या पिंकीच्या कानाशी ‘बाबा, बाबा’ असं पुटपुटताना पकडलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाठांतर घ्यावं तसं.

म्हणून त्याच्या कंपनीचं नवं गोदाम विरारला होणार आणि तिथे मुंबईचा एक माणूस नेमणार, हे कळलं तेव्हा आमच्या घरात देवापुढे दोन निरांजनं लागली. विरार म्हणजे घरून अर्धा तास! नावं तीन होती. निवड मोठे साहेब करणार होते आणि त्यांची निवडीची पद्धत एकच. ते माणसाला गोल्फ खेळायला नेत.

“म्हणे माणूस मुलाखतीत खोटं बोलतो, गोल्फमध्ये बोलू शकत नाही,” परेश म्हणाला. “तीन आठवड्यांनी, शनिवारी. सहकुटुंब बोलावलंय.”

परेशने आजवर गोल्फ पाहिला होता तो फक्त क्रिकेटचा चॅनल शोधताना.

काठी शेजारून मिळाली. गॉडफ्रे अंकल पंचवीस वर्षं बोटीवर नोकरीला होते. तिथून त्यांनी सात आकडा कोरलेली एक गोल्फची काठी आणली होती आणि तिने ते पेरू पाडायचे.

“बाकीच्या सहा कुठे गेल्या, अंकल?”

“मला काय ठाऊक? मला सातवी भेटली. पण जपून हां, पेरूचा सीझन येतोय.”

चेंडू म्हणून वाडीत गळून पडलेले सुपारीएवढे नारळ होतेच. पहिल्या दिवशी परेशने अंग मोडून काठी फिरवली. नारळ जागेवर राहिला, मातीचं ढेकूळ उडालं. दुसऱ्यांदा काठी केळीच्या बुंध्यात रुतली आणि काढायला दोघं लागलो.

“जोर कमी पडतोय,” परेश म्हणाला.

“जोर नाही, भूमिती कमी पडतेय,” मी म्हणाले.

पिंकीच्या आधी मी पॉलिटेक्निकला इंजिनीअरिंग ड्रॉइंग शिकवायचे. आता माझ्या वाट्याला दुपारचा दीड तास येतो, पिंकी झोपल्यापासून ती उठेपर्यंतचा. त्यात कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात, डाळ भिजवायची असते, कधी नुसतं तिच्या उघड्या तोंडाकडे बघत बसायचं असतं. त्या तीन आठवड्यांत मी घड्या सोडून दिल्या आणि वही-कंपास काढले.

रात्री परेश जेवत असताना मी परात भिंतीला तिरकी टेकवून ठेवली.

“हे बघ. काठीचं टोक या परातीच्या काठावरून फिरतं. तिरकं वर्तुळ. मध्यबिंदू कुठे? तुझ्या छातीच्या वरच्या भागात. तू मारताना डोकं खाली-वर करतोस म्हणजे मध्यबिंदू हलवतोस. मग काठी जमिनीत जाणार नाहीतर हवेत.”

“म्हणजे मी हलायचंच नाही?”

“फिरायचं. हलायचं नाही.”

मग मी ओला टॉवेल आणून झटकला. फट्कन आवाज झाला, पिंकी झोपेत दचकली आणि आम्ही दोघं श्वास धरून उभे राहिलो. तिने कूस बदलल्यावर मी कुजबुजले, “टॉवेल कधी वाजतो? मनगट शेवटी सुटतं तेव्हा. आधी कंबर, मग खांदे, मग हात, सगळ्यात शेवटी मनगट. तू मनगट आधीच सोडतोस, मग टोकाला वेग उरत नाही.”

परेशला सगळं समजलं. रविवारी त्याने काठी घेतली आणि पुन्हा ढेकूळ उडवलं.

तेव्हा सासूबाई विहिरीजवळच्या भाजीला पाणी देत होत्या. बाकी वाडीला पंप आहे, पण त्या चार वाफ्यांना त्या अजून हातानेच पाणी देतात. लांब दांडा लावलेला पत्र्याचा डबा पाटात बुडवायचा आणि पाणी दूरच्या वाफ्यावर उडवायचं. माझी नजर त्यांच्यावर गेली आणि मी बघतच राहिले. डोकं जागेवर. वजन उजव्या पायावरून डाव्यावर. कंबर वळली, मागून हात आले, आणि अगदी शेवटी मनगट. पाणी कमान करून चौथ्या वाफ्यावर पडलं, एक थेंब तिसऱ्यावर नाही. माझ्या वहीतली अख्खी भूमिती त्या नऊवारी नेसून वाडीत फिरवत होत्या.

“आई, जरा परेशला दाखवा ना!”

“ह्याला? लहानपनी सांगितलं तर पळून जायचा.” त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. “हातानं नाय टाकायचं पानी. हातानं टाकलं का दुसऱ्या वाफ्यात पडतं. कंबरेनं टाक.”

दोन आठवडे परेश ऑफिसला निघण्याआधी साडेपाचला भाजीला पाणी द्यायचा. मेथी नको तितकी वाढली. कंबर वळायला लागली, मनगट थांबायला शिकलं. पण एक नवीनच रोग लागला. चेंडूपाशी आला की तो काठी खालून वर उचलायचा, डब्याने पाणी उडवावं तशी. नारळ चार हात घरंगळायचा.

“उडवू नकोस!” मी म्हणायचे. “काठीचं पातं आधीच तिरकं आहे, उलथन्यासारखं. चेंडू वर नेणं हे त्याचं काम. तू वरून खाली ये. वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू चेंडूच्या पुढे पडला पाहिजे, मागे नाही.”

“वरून खाली मारलं की वर जातो?”

“हो.”

“आईचं पाणी खालून वर जातं.”

“ते पाणी आहे!”

सासूबाईंना आमचं भांडण मुळीच कळलं नाही. “पानी तर बरं टाकतोय आता,” त्या म्हणाल्या.

शनिवारी आम्ही चौघं गोल्फच्या मैदानावर गेलो. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि साहेबांसाठी केळ्यांची फणी पिशवीत घेतली होती. खेळ सुरू झाला. आम्हा बायकामुलांना क्लबच्या व्हरांड्यात बसवलं, तिथून चेंडू घालायचा शेवटचा खड्डा अगदी समोर दिसत होता.

दोन-तीन तासांनी मंडळी तिथे पोचली तेव्हा परेशच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं. त्याच्या प्रत्येक फटक्याला साहेब “ठीक आहे, ठीक आहे,” म्हणत होते. आमच्याकडे लग्नाची स्थळं अशाच आवाजात नाकारतात.

शेवटच्या खड्ड्याआधी वाळूचा एक मोठा खळगा होता. साहेबांचा चेंडू त्यात पडला. त्यांनी मारलं, चेंडू कडेला आपटून परत आत. पुन्हा मारलं, पुन्हा आत. तिसऱ्यांदा त्यांनी जे म्हटलं ते ऐकून मी पिंकीचे कान झाकले. मग परेशने मारलं. त्याचाही चेंडू घरंगळत त्याच खळग्यात, साहेबांच्या बुटांशी.

परेश आत उतरला. पाय वाळूत रुतले. त्याने काठी उचलली, आणि तेवढ्यात सासूबाई उभ्या राहिल्या.

“परेश! चेंडू राहू दे! रेती उडव! चौथ्या वाफ्यावर!”

परेशने माझ्याकडे पाहिलं. दोन आठवडे मी त्याला ‘उडवू नकोस’ म्हणून जीव नकोसा केला होता. मी खळग्याकडे पाहिलं, मनात वर्तुळ काढलं. इथे काठीने चेंडूला शिवायचंच नव्हतं. काठी त्याच्या दोन बोटं मागे वाळूत शिरवायची, वाळू उडवायची. वाळूच चेंडूला घेऊन जाणार. सासूबाईंनी ते कंपासशिवाय पाहिलं होतं.

मी मान डोलावली.

परेशने डोकं स्थिर ठेवलं. कंबर वळली, मागून हात आले, शेवटी मनगट. वाळूची एक मोठी लाट उठली आणि सगळी साहेबांच्या तोंडावर आणि पांढऱ्या पँटवर पडली. तिच्यातून चेंडू निघाला, अलगद गवतावर टेकला आणि खड्ड्यातल्या झेंड्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

“हे कुठे शिकलात?” साहेबांनी डोळ्यांतली वाळू पुसत विचारलं.

“आईकडे, सर. भाजीला पाणी देताना.”

तेवढ्यात पिंकी माझ्या मांडीवरून निसटली आणि गवतातून धावत सुटली. “काका! काका!”

साहेब प्रसन्न झाले. त्यांनी वाकून दोन्ही हात पसरले. पिंकी त्यांना वळसा घालून गेली आणि परेशच्या गुडघ्यांना बिलगली.

“पुतणी का?”

“मुलगी, सर.” परेशचे कान लाल झाले. “मी सहाला निघतो, पावणेदहाला घरी येतो. तिला मी रविवारीच दिसतो.”

साहेब थोडा वेळ पँटवरची वाळू झटकत राहिले.

“विरारहून गिरीज किती लांब?”

“अर्धा तास.”

“आणि तुमच्या आई रोज असतात वाडीत?”

नेमणुकीचं पत्र आठवड्याने आलं आणि परेश लगेच विरारला रुजू झाला. त्यानंतरच्या रविवारी साहेब स्वतः आले, अर्ध्या चड्डीत, वाळूतला फटका शिकायला. सासूबाईंनी आधी त्यांच्याकडून चारही वाफ्यांना पाणी घालून घेतलं. “हातानं नाय! कंबर कुठेय तुमची?” साहेब “हो आई, हो आई,” म्हणत धापा टाकत होते. गॉडफ्रे अंकल कुंपणापलीकडून सल्ले देत होते आणि आपली सातवी काठी परत मागत होते.

पिंकी प्लॅस्टिकचा मग घेऊन पाटाच्या कडेला उभी होती. तिने साहेबांना नीट न्याहाळलं, बोट दाखवलं आणि म्हणाली, “काका.”

परेशचा चेहरा उतरला. इतके दिवस जी हाक त्याला टोचत होती ती दुसऱ्याला गेली, तर तेही त्याला सोसवेना.

“मग आता मी कोण?” त्याने मला हळूच विचारलं.

आता तो रोज संध्याकाळी सातच्या आत घरी असतो. पिंकीला तो भरवतो, आंघोळ घालतो, रडवतो. तरी हाकेच्या बाबतीत ती गेले चार दिवस गप्पच होती, जणू फेरविचार चालू होता. मी काही बोलणार तोच तिने हातातला मग पाटात बुडवला. डोकं स्थिर. इवलीशी कंबर वळली, मागून हात आला.

“बाबा!” ती म्हणाली, आणि पाणी थेट त्याच्या तोंडावर.

परेश तसाच ओला उभा राहिला. पुसायलाही हात वर गेला नाही.

“मनगट बघितलं का पोरीचं?” सासूबाई साहेबांना म्हणाल्या. “तसं करा.”