आधी तो बोलतो

"बाई, याचा आवाज गेला," म्हणत ओवीने टॅब माझ्या टेबलावर ठेवला.

"आवाज गेला तर जाऊ दे. अक्षरं कुठे पळून गेलीत? वाच तू," मी म्हणाले.

तिसरीतली ओवी म्हणजे माझ्या जादा तासाची शान होती. अंबरनाथच्या आमच्या शाळेत वाचनात मागे पडलेल्या अकरा मुलांसाठी मी मधल्या सुट्टीनंतर हा तास घेते. एका संस्थेने टॅब दिले आहेत. त्यातलं ॲप आधी गोष्ट वाचून दाखवतं, मग मूल वाचतं, आणि नीट वाचलं की पान हिरवं होतं. ओवीच्या वीसच्या वीस गोष्टी हिरव्या झाल्या होत्या. बत्तीस वर्षं खडू झिजवून मला जे जमलं नाही ते या पाटीएवढ्या डब्याने चार महिन्यांत केलं, म्हणून मी त्याच्यावर खूशही होते आणि थोडी रुसलेही होते.

ओवीने पडद्यावर बोट ठेवून खणखणीत सुरुवात केली. "आजीने टोपलीत कैऱ्या भरल्या. माकड झाडावरून बघत होतं." थांबायचं तिथे थांबणं, प्रश्नाला आवाज चढवणं, सगळं जिथल्या तिथे. मी कौतुकाने मान डोलावत होते. मग सहज पडद्याकडे पाहिलं. तिथे गोष्टीचं शेवटचं पान उघडलेलं होतं.

मी चित्रावर तळहात ठेवला. "ओवी, हा शब्द कोणता गं?"

ती माझ्या बोटांच्या फटीतून चित्र बघायला लागली.

"बरं, हा?"

"बाई, तो आधी बोलतो ना," ती अगदी सरळपणे म्हणाली, "मग मी बोलते."

लबाडी तिने केलीच नव्हती. आवाज बंद ठेवून मुलांना आधी स्वतः वाचू द्या, असं आम्हाला प्रशिक्षणात बजावलं होतं. पण आवाज चालू असला की मुलं शांत बसतात आणि पानं भराभर हिरवी होतात. चूक माझी होती, आणि ती मी चार महिने रोज केली होती.

दुसऱ्या दिवशी पालकसभा होती. त्यात ओवीचा सत्कार होऊन तिचं नाव जादा तासातून कमी होणार होतं. मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. ओवी चौथीत गेली असती आणि मी मे अखेरीस निवृत्त झाले असते. पण चौथीची पुस्तकं आधी बोलत नाहीत.

सकाळीच मी मुख्याध्यापक देवदत्त सरांना खरं सांगून तिचं नाव सत्काराच्या यादीतून काढायला लावलं.

"शोभा होईल हो, सुनेत्राबाई," ते म्हणाले.

"होऊ दे. माझीच होणार आहे."

ओवीची आई उमा एमआयडीसीत पॅकिंगला आहे. शिफ्ट बदलून, ठेवणीतली साडी नेसून ती सभेच्या अर्धा तास आधीच आली. तिला वर्गाबाहेर गाठून मी सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"बाई, अख्ख्या लाइनला सांगून आलेय मी, पोरीचा सत्कार आहे म्हणून. आता जाऊन काय बोलू?"

"माझं नाव सांग. बाईंनी घोळ घातला म्हण."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मी पण असंच करायची. सगळी पोरं बोलली की त्यांच्या मागून बोलायची. सातवीपर्यंत गेले ना मी तशी! कोणाला पत्ताच नाय लागला. कंपनीत फॉर्म भरायला दिला तेव्हा लागला." तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला. "बरं झालं तुम्ही पकडलं. हिला सोडू नका, बाई."

शिव्या खायच्या तयारीने गेलेली मी तिथे रडले. शिक्षकदिनाला फुलं पुष्कळ मिळाली, पण माझ्या चुकीबद्दल कुणी माझे आभार मानले नव्हते. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

मग आम्ही पहिल्यापासून सुरू केलं. आवाज बंद. ओवी आधी स्वतः वाचायची आणि अडली तरच त्या एका शब्दावर बोट दाबून ऐकायची. टॅब मिटला की छापील पुस्तक, आणि चित्रावर माझा तळहात. "बाई, थोडं तरी दिसू द्या ना," ती कुरकुरायची. पानं तांबडी व्हायची, ती रुसायची, मी चिडायचे, आणि शेंगदाण्याच्या चिक्कीवर समेट व्हायचा. संस्थेला पाठवलेल्या अहवालात आमचा आलेख घसरगुंडीसारखा खाली आला.

एप्रिलमधल्या एका दुपारी ओवीने तिसरीच्या अख्ख्या वर्गासमोर वाचायला आपणहून हात वर केला. पुस्तक नवंकोरं होतं, कुणीच न वाचलेलं. अक्षराला अक्षर जोडत तिने तीन ओळी ओलांडल्या आणि चौथ्या ओळीत 'चौकीदार'पाशी ती अडली. आमच्या वर्गाची खोड अशी की कुणी अडलं की तीस तोंडं एकदम सांगायला धावतात. पहिल्या बाकावरून "चौ..." आलंसुद्धा.

ओवीने पुस्तकातून मान न काढता एक हात उंचावला.

"कोणी बोलू नका. मी वाचतेय."

वर्ग चिडीचूप झाला. ती ओळीच्या सुरुवातीला परत गेली आणि बोट टेकवत पुन्हा निघाली. मध्येच शाळा सुटल्याची घंटा झाली. एकही मूल उठलं नाही.