चाळीस हजार प्रवासी

किल्लीकाकांनी गाडीचं दार दोनदा आपटलं, पट्टा तिसऱ्या प्रयत्नात खटक्यात बसवला आणि मागे वळून जाहीर केलं,

"आज जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही."

"कधी बसलाय?" मागून लिफ्टवाला म्हणाला. त्याच्या शेजारी बसलेली लॅबवाली खुदकन हसली.

गाडी चालवणाऱ्या सिस्टरने नुसता गिअर टाकला. चौघंही एकाच इस्पितळात कामाला. काका तळघरात कुलपं दुरुस्त करत. कुलूप कानाशी धरायचं, बोटांनी चाचपायचं, की उघडलंच. गाडीत चार डोकी असतील तरच ती इस्पितळाच्या फाटकातून आत, नाहीतर पुलापलीकडे लावा आणि अर्धा तास तंगडतोड करा, असा शहराचा नवा नियम होता. म्हणून चौघांनी पाळ्या लावल्या होत्या. दर आठवड्याला एकाची गाडी. महिन्याच्या पाळ्या सिस्टर एका कागदावर लिहायची आणि ज्याची गाडी असेल त्याच्या डॅशबोर्डवर चिकटवायची.

सोमवारी आपली पाळी, हे काकांनी बोटांवर मोजून ठेवलं होतं. गेल्या खेपेला त्यांची बॅटरी बसली होती. त्याआधी बॉनेटमध्ये मांजर व्यायली होती. तिसऱ्यांदा पाळी चुकवणाऱ्याला रोज कोण फुकट नेणार? आणि गाडीतली जागा गेली, तर कामावर जायचं कसं? खिशातल्या किल्लीचे दात ते अंगठ्याने घासत राहिले.

"माझ्या गाडीत मधमाश्या शिरल्यात," ते म्हणाले. "पोळं थेट स्टिअरिंगला. राणी ड्रायव्हरच्या सीटवर. मी म्हटलं, बाई, जरा सरका. तर तिने असं बघितलं, मीच माफी मागितली."

"चावल्या नाहीत?" लॅबवालीने विचारलं.

"छे! शिस्तीच्या आहेत. चाळीस हजार जणी, एक गाडी! पालिकेने त्यांचा सत्कार करायला हवा. आपण चौघं बसतो, तर केवढा तोरा आपला!"

लिफ्टवाला हसता हसता खोकला. काकांना बरं वाटलं, पण त्यांचा उजवा पाय रिकाम्या जागी ब्रेक शोधत होता.

"चला, सुटला सिग्नल," ते म्हणाले.

सिग्नल लालच होता. सिस्टरने आरशातून मागे पाहिलं. मागचं हसणं थांबलं.

"मग या माश्या सोमवारपर्यंत जातील?" तिने विचारलं.

"राणीच्या मनावर आहे. म्हणून तर आधीच सांगतोय. पुढच्या महिन्यात दोन आठवडे माझे, शब्द देतो."

इस्पितळाच्या फाटकापाशी गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. काकांनी काच खाली केली, वर केली, पुन्हा खाली केली.

"काका, कागद तुमच्या नाकासमोर आहे," सिस्टर म्हणाली. "वाचा बरं, सोमवारी कोणाची पाळी?"

काका पुढे वाकले. डोळे बारीक केले. कागदावरून बोट हळूहळू खाली नेलं आणि एका ओळीवर टेकवलं.

"ही काय. किल्लीकाका. माझीच."

"खोटं! तुमचं नाव त्यात नाहीच. तुम्हाला नीट दिसत नाही हे कळलं तेव्हाच मी ते काढलंय, महिना झाला. आता काच वर करा आणि नीट बसा, चौकीदार डोकी मोजतोय."