आधी चुलीला, मग कान्हाला

मित्रांनो, मी एक जुनी चूल आहे. तोंड सदा उघडं, त्यामुळे बोलायची मला भारी हौस. तेव्हा बसा जरा ऐसपैस. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाडीत धर्माजी आणि आवडाबाई यांचं घर आहे. त्या घराच्या पडवीत माझा मुक्काम. देश स्वतंत्र झाला त्या सालच्या दिवाळीआधी आवडाबाईंनी मला घडवलं. वारुळाची माती, भाताचं तूस आणि शेण एकत्र कालवून त्यांनी मला थापलं आणि मागे छोटा वैल काढला, म्हणजे भात माझ्यावर शिजावा आणि आमटी वैलावर रटरटत राहावी. मी वाळले तेव्हा शेजारणी मुद्दाम बघायला आल्या होत्या. काय सुबक चूल जमलीय, असं म्हणाल्या. ते आठवलं की अजून बरं वाटतं.

हवापालटासाठी येणाऱ्या मुंबईकरांना धर्माजी पडवी भाड्याने द्यायचा. त्याचा कायदा सोपा होता. चूल आमची, लाकडं आमची. भांडी आणि भूक तुमची. आपलं आपण रांधावं, वाटेल तेव्हा जेवावं, वाटेल तेव्हा समुद्रावर जावं. थंडी पडली की बिऱ्हाडं यायची. कोणी वालाची उसळ करी, कोणी कोलंबी परती. एका हौशी गृहस्थाने तर बायकोला समुद्रावर धाडून स्वतः भाकऱ्या थापल्या आणि सगळ्या माझ्यात जाळल्या. वर नाव मलाच ठेवलं. असो. जाताना बायका म्हणत, परळ-गिरगावात अशी चव नाही हो. मी फुलून जायची.

पण मला सांगायची आहे ती कोकिळाची गोष्ट.

कोकिळा परळच्या चाळीतली. नवरा दत्तात्रेय मूळचा तळे गावचा, मुंबईला छापखान्यात नोकरीला. त्यांचा कान्हा दोन वर्षांचाही नव्हता. त्याला गोवर येऊन गेला आणि तेव्हापासून पोराने अन्नावर रुसवाच धरला. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा द्या, भूक लागेल. इथवर घरात एकमत होतं, पुढे मात्र जुंपली. दत्तात्रेयाची थोरली बहीण सखुबाई म्हणाली, अलिबागेला खानावळीची खोली घ्या, बसल्या जागी ताट येतं. आजारातून उठलेलं पोर कडेवर घेऊन लाकडं कोण फुंकणार? कोकिळा म्हणाली, खानावळीचं तिखट कान्हाला सोसणार नाही, आणि त्याला भूक लागेल ती खानावळीची वेळ बघून थोडीच लागेल. तिने हट्टाने आमची पडवी ठरवली. मग सखुबाईने भाकीतच केलं, चार दिवसांत आणखी सुकलेलं पोर घेऊन परत येशील. शेवटी दत्तात्रेयाने तोड काढली. रविवारपर्यंत कान्हा जेवायला लागला तर रजा संपेपर्यंत राहायचं. नाहीतर गाशा गुंडाळायचा, आणि पोराच्या खाण्यापिण्याचं पुढे सखुबाई सांगेल तसं.

हे सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर बायका जे कोणाला सांगत नाहीत ते चुलीपुढे पुटपुटतात.

भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस आणि तिथून एस.टी.ने चौल असा प्रवास करून मंडळी आली. पदर खोचून कोकिळा माझ्यापुढे बसली. बिचारीचा जन्म कोळशाच्या शेगडीवर गेलेला. पहिल्या दिवशी पडवीभर धूर केला, पण हार मानली नाही. गुरगुट्या भात, मुगाचं वरण, वर तुपाची धार, सगळं झकास जमवलं. कान्हाने मात्र दात घट्ट मिटले. काऊचा घास झाला, चिऊचा घास झाला. काऊ खरोखरच आला आणि आपला घास घेऊन गेला, कान्हा काही आ करीना. दत्तात्रेय डोक्यावर पातेलं घालून नाचला. पोरगं खदखदून हसलं आणि चमचा जवळ येताच पुन्हा दातखीळ. समुद्रावर नेत, तेही शालीत गुंडाळून. गोवर झाल्यापासून त्याला मातीत उतरूच दिलं नव्हतं.

असा शनिवार उजाडला. दत्तात्रेय रेवदंड्याला गेला, परतीच्या एस.टी.ची चौकशी करायला. कोकिळाने भात केला, कान्हाने तो थुंकला. तिचे डोळे भरून आले. धुराचं निमित्त सांगता आलं असतं, पण त्या दिवशी माझ्यात धूर नव्हता.

तेवढ्यात कान्हा दुडदुडत माझ्याकडे आला आणि लाल निखाऱ्याकडे त्याने हात पुढे केला. कोकिळाने झडप घालून त्याला उचललं आणि दुसऱ्या हाताने पाण्याचा तांब्या माझ्यावर उपडा केला. परळला ती रोज हेच करायची. स्वयंपाक उरकला की शेगडीतल्या कोळशांवर पाणी मारायचं, ते वाळवायचे आणि पुन्हा वापरायचे. शेगडी लोखंडाची, तिला काय होतंय. मी पडले मातीची, त्यात तापलेली. तड्कन आवाज झाला, वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि माझी डावी बाजू ढासळली.

कोकिळाने कान्हाला दूर नेऊन बसवलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. आता रांधायचं कशावर? रविवारची वाट तरी कशाला बघायची? खरं सांगते, मला माझ्यापेक्षा तिचंच वाईट वाटलं. म्हणजे माझंही वाटलं. एक बाजू जाणं म्हणजे काही गंमत नव्हे.

आवाज ऐकून आवडाबाई आल्या. त्यांच्या जिभेला सगळी वाडी टरकून असे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोकिळाकडे पाहिलं.

"पोरी, घामेजल्या मान्साच्या अंगावर कुनी गार पानी वततं व्हय?"

कोकिळाला रडूच फुटलं. भात, रविवार, सखुबाई, सगळं तिने भडाभडा सांगून टाकलं. आवडाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की रडून चूल उभी राहत नाही, माती तुडवायला चल. आमच्या वाडीची रीतच आहे, ज्याच्या हातून चूल मोडेल त्यानेच माती तुडवायची. मग तो पाहुणा का असेना.

अंगणात माती, तूस आणि शेणाचा काला झाला. कोकिळा लुगडं वर खोचून त्यात उतरली. कान्हा कडेला बसून बघत होता. बघता बघता तोही आत घसरला. ती त्याला ओढायला धावली, तर आवडाबाईंनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. मातीनं पोर मरत न्हाय."

मग काय विचारता. कान्हा चिखलात उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला. पाय आपटून आपटून त्याने माती तुडवली. मूठ मूठ चिखल आणून माझ्या अंगावर चापट्या मारल्या. त्याच्या एवढ्याएवढ्याशा हातांनी मला गुदगुल्या होत होत्या. माझी डावी बाजू आवडाबाईंनी उभी केली, कोकिळाने लिंपली. पण मी म्हणते ती कान्हानेच घडवली. मग सगळी वरात समुद्रावर गेली. या खेपेला शाल घरीच राहिली. लाटांमध्ये चिखल धुताना कान्हा एवढा ओरडत होता की मला पडवीत ऐकू येत होतं.

दुपार कलल्यावर आवडाबाईंनी नारळाच्या सुक्या पातीचा हलका जाळ करून मला शेकवलं. ओल सुटली तशी कोकिळाने पेज ठेवली. पेज उतरली. दुरुस्त केलेल्या चुलीने आधी जेवायचं असतं, म्हणून आवडाबाईंनी तूप लावलेली शितांची चिमूट माझ्या विस्तवावर टाकली. चर्रर्र झालं. आईच्या मांडीवर बसलेला कान्हा टक लावून बघत होता. त्याने माझा उघडा जबडा पाहिला, स्वतःचं तोंड तसंच मोठ्ठं उघडलं आणि म्हणाला, "मला."

कोकिळाने घाईने चमचा त्याच्या तोंडात दिला. गोवरानंतर पहिल्यांदाच पोराने मागून घास घेतला होता. त्याने तो गिळला आणि माझ्याकडे बोट करून हुकूम सोडला, "चूल." पुन्हा चिमूटभर मला, मग चमचाभर त्याला. असं करत वाटी संपली, दुसरीही संपली. कोकिळा हसत होती आणि रडत होती. दत्तात्रेय दारात येऊन उभा होता. एस.टी.ची वेळ विचारून आला होता, पण ती त्याने कोणाला सांगितलीच नाही.

मंडळी रजा संपेपर्यंत राहिली. कान्हाच्या गालांवर तुकतुकी आली. रोज आधी चुलीला, मग त्याला. एक दिवसही चुकला नाही.

निघायच्या सकाळी कोकिळाने राख काढली, मला सारवलं आणि हात जोडले. सामान बाहेर गेलं. कान्हाच्या हातात वाटेत खायला पाव दिला होता. तो धर्माजीचा हात सोडवून मागे पळत आला, पावाचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडात ठेवला. चर्रर्र होण्याची वाट बघत तो उकिडवा बसून राहिला. माझ्यात विस्तव नव्हता, आवाज कुठून होणार? त्याने मला हळूच थोपटलं आणि मग उरलेला पाव खाल्ला.

आता साठ सालही मागे पडलं, मित्रांनो. बिऱ्हाडं येतात ती स्वतःचा स्टोव्ह घेऊन. माझ्यावर पिशव्या ठेवतात, पायाशी चपला सोडतात. मी रागावत नाही, दिवस बदलतात. एवढंच मागणं आहे की तापलेल्या मातीवर पाणी ओतू नका, राख ओढून तिला हळूहळू निवू द्या. आणि कधीमधी शेणाचा एक हात फिरवा. पण मी थंड दिसते म्हणून मला उपाशी समजू नका. एका पोराने मला त्याच्या तोंडचा घास दिला आहे.