बालवाडीचा तक्ता

बालवाडीत गेलेली मुलं पुढं अभ्यासात वर येतात का, हा विषय विज्ञान प्रदर्शनासाठी मी स्वतःहून घेतला. कळंब्यातल्या आमच्या गल्लीत घरोघर फिरले. आता मला कुणालाही काहीही विचारायची भीती वाटत नाही. बालवाडी केली का आणि गुण किती, एवढंच विचारायचं. बालवाडी केलेल्यांची रेघ तक्त्यावर उंच गेली. सगळ्यात ठळक उदाहरण तर शेजारीच मिळालं. अमरेश बालवाडीत गेलेला, सातवीत पहिला. त्याची बहीण विद्याश्री माझ्याच बाकावर बसते, नववीत काठावर सुटलेली. तिला बालवाडीत घातलंच नव्हतं, अमरेशचा पाळणा हलवायला घरी ठेवली होती.

रंगवलेला तक्ता मी मोठ्या हौसेनं त्यांच्या सोप्यात उलगडला. विद्याश्रीच्या आईनं, शिवगंगाकाकूंनी, तो नीट समजून घेतला.

"म्हंजे हिचं तवाच बिघडलं म्हण की."

"व्हय की काकू. तक्ता तेच सांगतोय."

काकू नवऱ्याकडं, रुद्राप्पाकाकांकडं, वळल्या. "ऐकलंसा? मग दहावीचा फॉर्म भरून तरी काय उपेग? राहू दे घरी. म्हशी बी वाढल्यात."

विद्याश्री शेणानं भरलेल्या हातांनी गोठ्याच्या दारात उभी होती.

तिच्या हातांकडं बघून मी म्हणाले, "काकू, थांबा की. ही पहाटे काय करती?"

"काय म्हंजे? धारा काढती, डेअरीला दूध घालून येती."

"आणि अमरेश?"

"त्यो अभ्यासाला बसतोय."

हे मी एकाही घरात विचारलं नव्हतं. ज्या घरकामापायी तिची बालवाडी हुकली, ते तिच्यामागं अजून तसंच होतं.

"नुसतं तवाच न्हाय काकू, रोज बिघडतंय. माझा तक्ता अर्धाच हाय."

रुद्राप्पाकाका हसले. "पूर्णे, अर्धाच हाय तर नाचवत आणलास कशाला?"

मी मान खाली घालून तक्ता गुंडाळायला घेतला.

काकू अमरेशकडं वळून म्हणाल्या, "अमऱ्या, हिची दहावी हुईस्तवर धारा तू काढायच्यास."

अमरेशनं पुस्तकातून मान वर केली नाही. "मला न्हाय जमत, अव्वा."

"एवढीशी हुती, तवा हिला तरी पाळणा कुठं जमत हुता?"

विद्याश्री हात धुवायला मागं गेली. पाण्याचा आवाज थांबला, तरी ती कितीतरी वेळ परत आली नाही.