पेजेवर वाढलेले दात

“हाड देऊ नगं म्हंतो ना, आये! तोंडाला रगत लागलं तर उद्या आपलंच वासरू फाडंल ही!”

“तुझ्या पेजेनं दात ऱ्हायलं तर फाडंल न्हवं!”

मी तांबी बोलतेय, लखूच्या गोठ्याची राखण करणारी कुत्री. मायलेकाचं हे भांडण माझ्या तोंडापायी चाललंय. रुक्मा म्हातारीच्या हातात गावच्या शिकारीतलं रानडुकराचं कच्चं हाड आहे, लखूनं तिचं मनगट धरलंय आणि माझी लाळ गळतेय. लाजायचं काय त्यात?

याच गोठ्यातल्या पेंढ्यात मी जन्मले. आमच्या गावात कुत्र्याला कच्चं हाड देत नाहीत. चव लागली की कुत्रं गोठ्यावरच उलटतं, असं सगळे मानतात. म्हणून आम्हाला मऊ भात, पेज, वर लाडानं गुळाचा खडा. माणसं स्वतः मात्र रोज राखुंडीनं दात घासतात. कुत्र्यानं काय करायचं? आमची राखुंडी म्हणजे हाडच.

माझी आई कबरी जन्मभर पेजेवर राहिली. दातांवर पिवळी खपली धरली, हिरड्या पिकल्या. तोंडाला वास येतो म्हणून लखू तिला पायानं ढकलायचा. मागच्या साली बिबळ्या गोठ्यात शिरला. आईनं त्याच्या मानेला तोंड घातलं, पण पकड बसलीच नाही. सकाळी अंगणात तिचे दात मिळाले. आई मिळाली नाही.

माझ्याही दाढांना आता ती खपली धरू लागलीय. दात अजून घट्ट आहेत, एवढंच.

आणि आज दुपारी गाय व्यालीय. गोठ्यामागच्या चिखलात बिबळ्याचे ताजे पंजे उमटलेत. दिवस कलतोय. पलीकडच्या रानात वानरं खेकसतायत, बिबळ्या दिसला की खेकसतात तशी.

“दिग्गी गावच्या येसूच्या कुत्र्यानं वासरू धरलं, इसरलीस?”

“येसूनं उपाशी ठेवलं हुतं त्येला. उपाशी माणूसबी चोरी करतंय!”

“मग शिजवून दे.”

“शिजलं की हाड फुटतंय, घशात रुततंय. कच्चं हाड दात घासतंय. कबरीच्या तोंडात कवा वाकून बघितलंस तू?”

“कायबी सांग. माझ्या गोठ्यात न्हाई म्हंजे न्हाई!”

वानरं एकदम गप्प झाली. म्हणजे बिबळ्या तिथून हलला.

म्हातारीनं मनगट हिसकून घेतलं. गोठ्याच्या दारातलं माझं गोणपाट उचललं आणि लखूच्या खांद्यावर टाकलं.

“मग आज दारात तू नीज, लखू, तुझं दात धड हायत.”