बिनलेबलची डबी

ती घरीच शिवणकाम करायची. बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आले. सासूबाई त्याबद्दल चकार शब्द काढत नसत, पण नणंद येता-जाता हळहळायची. तीच एक दिवस पार्लरवालीकडून पांढऱ्या क्रीमची डबी घेऊन आली. डबीवर ना नाव, ना तारीख. घरी बनवलेली आहे, झोपताना लावायची, एवढंच पार्लरवालीनं सांगितलं होतं.

तीन आठवड्यांत वांग पुसले गेले. गिऱ्हाइकं माप द्यायचं विसरून तिच्याकडेच बघत बसायची. नणंदेनं स्वतःसाठीही एक डबी आणली.

मग सुईत दोरा जाईना. आधी तिनं डोळ्यांना दोष दिला, मग जागरणाला. बोटं बारीक थरथरायची, तोंडाला धातूची चव यायची, सकाळी सुजलेले पाय चपलांत शिरायचे नाहीत. तिनं काम कमी केलं. क्रीम मात्र सोडलं नाही. एक दिवस जरी चुकला तरी चेहरा काळवंडल्यासारखा वाटायचा.

एका सकाळी बोटातली सोन्याची अंगठी पांढरी पडलेली दिसली. घासून घासून हात दुखले, रंग जाईना. सासरच्यांनी मुलामा दिलेली अंगठी गळ्यात मारली की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ती सोनाराकडे गेली.

सोनारानं अंगठी उजेडात धरली, खाली ठेवली आणि बोटं फडक्याला पुसली.

"सोनं अस्सल आहे. त्यावर पारा बसलाय," तो म्हणाला. "तापवला तर उडेल, पण मी तापवणार नाही. ती वाफ छातीत गेली की संपलं. ताई, तोंडाला काय लावता तुम्ही?"

डॉक्टरांनी डबी तपासायला पाठवली. पारा निघाला. चेहरा त्यानंच उजळला होता आणि कातडीतून आत मुरून त्यानंच मूत्रपिंडं धरली होती. वांगावर साधे उपाय असतात, असं त्यांनी समजावलं: नायसिनामाइड किंवा अझेलेइक ॲसिडची मलमं, रोजचं सनस्क्रीन. गुण यायला महिने लागतात, पण आत काय आहे ते डबीवर छापलेलं असतं. वेळेत आलात, असंही ते म्हणाले. तिला जरा हायसं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "बाळ कुणाजवळ झोपतं?"

बाळ तिच्या गालाला गाल लावून झोपायचं. दोघांना टॉवेलही एकच. पंधरा दिवस ते सारखं किरकिरत होतं, तळहात-तळपाय लालगुलाबी झाले होते. दात येत असतील, असं सगळे धरून चालले होते.

बाळाच्या लघवीत तिच्यापेक्षा जास्त पारा सापडला. बाळाला दवाखान्यात ठेवलं, दोघांवर उपचार सुरू झाले. उशा, चादरी, टॉवेल पिशव्यांत बांधून घराबाहेर गेले. नणंदेनं मात्र तपासणी करून घेतली नाही. मला काही होत नाही, म्हणाली.

महिन्याभरात आईची सूज उतरली. बाळ घरी आलं, पण आधी नीट बसणारं ते आता बसवलं की एका बाजूला कलंडायचं. हा बरा होईल ना, असं तिनं डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू."