टाईल्सखालचा लाल कोबा

मित्रांनो, मला शोधायला खाली बघू नका, मी दिसणार नाही. मी चेन्नईतल्या मैलापूरच्या एका घरातला जुना लाल कोबा आहे आणि सध्या हस्तिदंती रंगाच्या चकचकीत टाईल्सखाली गाडलेला आहे. वर जे घडलं ते सांगायला त्या घरात कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून मी सांगतो.

मला घातलं तेव्हा गवंड्यानं सिमेंटात लाल पूड कालवली आणि थापीनं इतकं घोटलं की त्याचं मनगट सुजलं. मग पाणी धरून ठेवलं, खोबरेल तेलानं पुसलं. घर तंजावरहून आलेल्या मराठी कुटुंबाचं. त्यांची थोरली मुलगी अलकनंदा तेव्हा रांगत होती. ती चालायला लागली आणि तिला देवी आल्या, त्यात डोळे गेले. पुढे सगळं घर तिनं तळव्यांनी ओळखलं. स्वयंपाकघराच्या तोंडाशी मला एक भेग होती, तिथून डावीकडे चूल. दगडी रगड्याशेजारी मी झिजून खोलगट झालो होतो, तिथे ती इडलीचं वाटायला बसे. उकळती कॉफी घेऊन ती घरभर फिरायची आणि थेंब सांडत नसे. येणारेजाणारे म्हणायचे, हिला दिसतं की काय! दिसत होतंच, माझ्यामुळे. मला त्याचा भारी गर्व होता.

आईवडील गेले. धाकटा भाऊ सेतुमाधव बँकेत, त्याची बायको कुमुदिनी शाळेत. त्यामुळे घर आणि त्यांचा मुलगा सिद्धार्थ, दोन्ही अलकनंदानंच सांभाळलं. सिद्धार्थ सिरुसेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, घरात पैसा खेळू लागला. मग त्याला सांगून आलेल्या मुलीचे आईवडील घर बघायला येणार असं ठरलं आणि कुमुदिनीला एकाएकी मी दिसलो. इतकी वर्षं माझ्यावर मांडी घालून जेवलेली बाई म्हणाली की ही जमीन खरूज झाल्यासारखी दिसते.

दुकानातून टाईल्सचे नमुने आले. नवराबायकोनं ते उन्हात धरून पाहिले, दिव्याखाली धरून पाहिले. अलकनंदानं विचारलं, मी एकदा पाय ठेवून बघू का? दोघांना हसू आलं. तरी तिनं एकेक नमुना खाली ठेवून त्यावर पाय फिरवला. त्यातला एक जरा खरखरीत होता, तो तिला बरा वाटला. तो न्हाणीघरासाठी असतो असं सांगून कुमुदिनीनं बाजूला सारला. तिला तोंड दिसेल अशी चकाकी हवी होती.

तेव्हा अलकनंदानं भावाचा हात धरला. "सेतू, मज जुन्या जमिनीची एक पट्टी सोड रे. माझ्या खाटेपासून चुलीपर्यंत. तितकं पुरे मज."

"सोडतो अक्का," तो म्हणाला. "गवंड्यास सांगून ठेवतो."

काम निघालं तेव्हा तिला वेलचेरीला मावसबहिणीकडे पाठवून दिलं. इकडे नवा माल धरावा म्हणून मला छिन्नीनं जागोजाग टोचे मारले. सेतुमाधवनं खडूनं पट्टी आखली, हे मात्र मी नाकारणार नाही. पण कुमुदिनीनं नाक मुरडलं. मधोमध तांबडी पट्टी बघून पाहुणे विचारतील, मग घरात आंधळी नणंद आहे हे पुराण सांगत बसायचं का, असं तिचं म्हणणं. तो त्या पट्टीवरच उभा होता. गवंड्याला हळूच म्हणाला, "मूडिडुप्पा." म्हणजे झाकून टाक. मग वरून ओला माल पडला आणि मलाही दिसेनासं झालं.

अलकनंदा परत आली. उंबऱ्यातच भाऊ म्हणाला, "अक्का, तुझी पट्टी ठेवली आहे हं."

तिनं पाय टाकला. मी तिच्या तळव्याच्या दोन बोटं खाली होतो आणि मला तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. ती अंगठ्यानं भेग शोधत राहिली. खोलगट शोधत राहिली. सगळीकडे तोच गार गुळगुळीतपणा. तिला कळायचं ते कळलं. "बरं केलंस सेतू," एवढंच म्हणून ती भिंत चाचपत खाटेकडे गेली. मी तिच्या जागी असतो तर चारचौघांत त्याचे वाभाडे काढले असते.

पाहुणे आले. कुमुदिनीनं तिला मागच्या खोलीत बसायला बजावलं होतं. पण सेतुमाधवला बढाई मारायची लहर आली. आमची अक्का आंधळी असून कॉफी स्वतः करून आणते, बघाच, असं सांगून त्यानं तिला हाक मारली. ती नाही म्हणू शकली नाही. पेले किणकिणत होते, पावलं अडखळत होती. ती उजवीकडे भरकटली आणि भिंतीशी थांबली.

"घ्या, कॉफी घ्या," ती भिंतीला म्हणाली. आवाजात हसू होतं.

पाहुणे तिच्या पाठीमागे बसले होते. अवघडलेपण मोडायला मुलीच्या आईनं टाईल्सची तारीफ केली आणि कुठून घेतल्या ते विचारलं. कुमुदिनीनं दुकानाचा पत्ता अगदी खुणांसकट सांगितला. तोवर अलकनंदा ट्रे पुढे धरून तशीच उभी होती.

लग्न ठरलं. अलकनंदा मात्र खाटेवरून उठेनाशी झाली. स्वयंपाकाला बाई ठेवली. वयानं अक्कांना आळस चढलाय, असं कुमुदिनी शेजारणींना सांगते. काल सेतुमाधवनं विचारलं की अक्का, तुझी पट्टी आहे ना, मग तीवरून चालत का नाहीस? तो अजून तेच खोटं रेटत होता.

ती म्हणाली, "चाललें तर झिजेल रे. इतक्या मायेनं ठेवलीस तू."

तो चप्पल घालून बाहेर निघून गेला.

मित्रांनो, घराला जमीन करायची तर खुशाल करा, कोबा घाला नाहीतर संगमरवर घाला. पण निवडायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला तिच्यावर अनवाणी चालवून बघा आणि ज्याचं पाऊल अडतं त्याचं ऐका. माझ्या घरात अलकनंदानं एवढंसंच मागितलं होतं, आणि तिला खाटेवरून उतरायला आता जागा उरलेली नाही.